पाया कच्चा नव्हता, मंजू

प्रिय मंजू,

काल संध्याकाळी रहाटणीला तुझ्या वडिलांच्या घरी जाऊन आले. रवीलाही तिथंच बोलावून घेतलं होतं. तुझे वडील आणि तुझा नवरा, दोघांना समोर बसवून एक गोष्ट सांगितली. खरं तर ती तुला सांगायची होती, दोन वर्षांपूर्वी, आपल्या गणित विभागाच्या दारात. तेव्हा माझी जीभ रेटली नाही. आता तुला जाऊन दहा महिने झाले आणि मी ती कागदावर लिहिते आहे. उशीर झाला हे मला कळतंय गं. पण ज्यांना सांगायचं त्या सगळ्यांना सांगून झालं, आणि जिची गोष्ट तीच तेवढी राहिली, हे मनाला पटेना.

तू पहिल्यांदा माझ्या लक्षात कशी आलीस, आठवतं? बीएस्सीचं दुसरं वर्ष. मी फळ्यावर एक सिद्धता लिहीत होते. शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तिसऱ्या ओळीत आपण ज्यानं भागलं, ते शून्य असलं तर?" अठरा वर्षं मी ती सिद्धता तशीच शिकवत आले होते! वर्गात कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "आधी उतरवून घे, शंका नंतर." तू मान खाली घालून उतरवून घेतलंस.

घरी जाऊन पाहिलं तर तुझं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दुरुस्ती केली. पण तुझं नाव घेतलं नाही. "काल एक गोष्ट राहून गेली," एवढंच म्हणाले. तू मात्र अशी खुश होऊन बघत होतीस, जणू मीच तुला काहीतरी दिलं होतं. त्या दिवशी नाव घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं?

मग तू रविवारी आमच्याकडे यायला लागलीस. जेवायला बस म्हटलं की "भूक नाही मॅडम" म्हणायचीस आणि तिसऱ्यांदा म्हटल्यावर दोन भाकऱ्या खायचीस. गणित करताना तुझं तोंड सतत चालू असायचं, स्वतःशीच. "असं कसं? असं नाही होणार. थांब, थांब." मला हसू यायचं. मनात कुठेतरी दुखायचंही. माझी पीएचडी धाकट्याच्या बाळंतपणात सुटली ती सुटलीच. तुझं तसं होऊ द्यायचं नाही, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय जातं!

तुझे वडील, अण्णा, एकदा कॉलेजात आले होते. चाकणच्या कारखान्यात, पत्रे दाबतात त्या प्रेसशॉपमधली पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यांतच. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, लेकरू हुशार हाय म्हणतेत सगळे. पर हुशारीचं करायचं काय, ते कुणीच सांगत न्हाई. आमच्या भावकीत बीएस्सी झालेली ही पहिलीच. गावाकडनं स्थळं यायलीत. मी किती दिवस थांबवू?"

मी म्हटलं, "अण्णा, एमएस्सी करू द्या. पुढच्या नोकरीचं मी बघते. आमच्याच कॉलेजात लागेल, शब्द देते."

"शब्द देता ना? मग झालं," म्हणाले आणि गेले. त्यांनी आपला शब्द पाळला, मंजू. स्थळ बघितलं तेही तुला शिकू देणारं. लग्नाआधीच रवी मला भेटून म्हणाला होता, "तिला पुढं पीएचडी करायची आहे, मला माहितीये. माझी ना नाही." शब्द मोडला तो मी एकटीनं.

मुलाखतीचा दिवस. तासिका तत्त्वावरची एक जागा होती. तास घेतला तर मानधन, नाहीतर काही नाही. पण दुपारनंतर तुला मोकळा वेळ मिळणार होता, पीएचडीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास होणार होता. तू निळी साडी नेसून आली होतीस आणि पदर सारखा सावरत होतीस. समितीत प्राचार्य, बाहेरून आलेले एक विषयतज्ज्ञ आणि मी.

तज्ज्ञांनी विचारलं, "फलनांची श्रेणी बिंदूगणिक अभिसारी असणं आणि एकसमान अभिसारी असणं, यात फरक काय? पुस्तकातलं नको. वर्गातल्या मुलांना सांगाल तसं सांगा."

तू क्षणभर छताकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सर, समजा कंपनीत कामगार अनंत आहेत. प्रत्येक जण कधी ना कधी गेटवर पोहोचतो, कुणीच वाटेत राहत नाही. ते बिंदूगणिक. पण अशी एखादी वेळ सांगता येते का, की तोवर सगळेच्या सगळे पोहोचलेले असतील? तशी वेळ सांगता आली तर ते एकसमान. नाहीतर कितीही वाट बघा, कुणीतरी अजून यायचाच असतो."

तज्ज्ञ मोठ्यानं हसले. "अनंत कामगार! ते चाकणलाच मिळायचे." पण त्यांनी मान डोलावली. मग तू फळ्यावर उदाहरण लिहिलंस, सिद्धता लिहिलीस. एक चूक नाही. त्या दिवशी आलेल्या पाच जणांत तुझ्या जवळपासही कुणी नव्हतं.

मग प्राचार्यांनी विचारलं, "लग्नाला किती दिवस झाले?"

"पाच महिने, सर."

"बरं. या तुम्ही."

तू बाहेर गेलीस. दार बंद झालं आणि प्राचार्य म्हणाले, "हुशार आहे, प्रश्नच नाही. पण नवं लग्न आहे. वर्षभरात बाळंतपण निघेल, टर्मच्या मध्येच तास कोण घेणार? तिसरा मुलगा बरा वाटतो. काय मॅडम?"

मंजू, मी काय म्हणाले सांगू? काहीच नाही. विभागात एक पूर्णवेळ जागा मंजूर व्हायची होती, प्राचार्यांची मर्जी राखायची होती, आणि बाईनंच बाईची बाजू घेतली असं दिसायला नको होतं. अहवाल माझ्यापुढे आला. मी सही केली.

तू विभागाच्या दारात थांबली होतीस. "मॅडम, झालं नाही ना? माझं काय चुकलं?"

आणि मी तुला सांगितलं, "पाया थोडा कच्चा वाटला त्यांना. तयारी कर. पुढच्या वर्षी बघू."

मी मनात म्हटलं, खरं कारण ऐकून पोरगी खचेल, त्यापेक्षा हे बरं. खोटं! तू "का?" म्हणशील आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसेल, याची भीती वाटत होती मला. तू मान हलवलीस. "बरं मॅडम, करते तयारी," म्हणालीस. माझ्या पाया पडून गेलीस. तेही मी होऊ दिलं.

दोन महिन्यांनी तुला चाकणला नोकरी लागली. सुट्या भागांची कंपनी, क्वालिटी विभाग, ट्रेनी. पहाटे सव्वापाचला बस. एकदा तू बसमधूनच फोन केलास. मागे सगळा गलका. "मॅडम, एकसमान अभिसरणाचं ते प्रमेय मी परत पहिल्यापासून करतेय. एक शंका होती." मी म्हटलं, "आत्ता तासाला चाललेय गं, रविवारी बोलू." तास वगैरे काही नव्हता. ज्या प्रश्नाचं उत्तर तू तज्ज्ञांना हसत हसत दिलं होतंस, त्याचाच अभ्यास तू पुन्हा करत होतीस, माझ्या सांगण्यावरून. ते ऐकवेना म्हणून मी फोन ठेवला. रविवारी मी फोन केला नाही. तूही केला नाहीस.

मग तो ताप. तीन दिवस गोळी घेऊन बस पकडत राहिलीस. अगं, एखाद्या दिवशी घरी राहिली असतीस तर? रवीनं विनवलं, तर म्हणे, "महिनाअखेर कॉन्ट्रॅक्ट वाढवायचंय, आत्ता खाडा नको." चौथ्या दिवशी बसथांब्यावरच खाली बसलीस. डेंग्यू. प्लेटलेट चढवल्या, आणखी चढवल्या. सहाव्या दिवशी सगळं संपलं. सत्तावीस वर्षांची होतीस. ज्या बाळंतपणाच्या भीतीनं तुला नाकारलं, ते कधी आलंच नाही.

मला कळलं ते माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर. तुझा फोटो, खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मीही हात जोडले आणि फोन बाजूला ठेवला. तुझ्या घरी गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार होते?

महिन्याभरानं रवीच विभागात आला, तुझ्या वह्या घेऊन. "घरी मला त्यातलं काही कळत नाही," म्हणाला. वर्षभराच्या वह्या, बसमध्ये लिहिल्यामुळे अक्षर हललेलं. सगळं पहिल्या पायरीपासून. जे तुला विसाव्या वर्षी तोंडपाठ होतं, ते. प्रत्येक पाठाखाली लिहिलेलं, "पक्कं झालं का? पुन्हा बघ." पुढचं नवं गणित, ज्यासाठी तू जन्माला आली होतीस, त्याचं एक पान नाही. ते वर्ष मी खाल्लं.

रवी म्हणाला, "ती म्हणायची, मॅडमनी सांगितलंय, पाया कच्चा आहे. होता का हो मॅडम?"

मी त्याला पाणी दिलं. उत्तर दिलं नाही. हे दुसऱ्यांदा.

गेल्या मंगळवारी पुन्हा मुलाखती होत्या. तीच खोली, तेच प्राचार्य. काळेवाडीची आफरीन नावाची मुलगी आली होती. सुवर्णपदकवाली, सहा महिन्यांचं बाळ तिच्या अम्मीकडे बाहेर व्हरांड्यात. मुलीनं सुरेख उत्तरं दिली. प्राचार्यांनी विचारलं, "बाळ लहान आहे, कसं जमणार?" ती म्हणाली, "सर, अम्मी आहे ना." ती बाहेर गेली आणि प्राचार्य म्हणाले, "हुशार आहे, पण..."

तो 'पण' मी पुढे जाऊ दिला नाही. मी म्हटलं, "सर, तिच्या आधी जे गृहस्थ येऊन गेले, त्यांनाही दोन मुलं आहेत. त्यांना विचारलं का आपण, मुलांना कोण सांभाळतं?"

तज्ज्ञ मोबाइल बघायला लागले. प्राचार्य हळूच म्हणाले, "मॅडम, तुमची दोन वर्षं राहिलीत. सुखानं जाऊ द्या की." मी अहवालावर लिहिलं: सर्वांत चांगली मुलाखत आफरीनची झाली, मूल लहान आहे म्हणून तिला नाकारणं मला मान्य नाही. खाली सही केली.

काही बदललं नाही, मंजू. दोघांच्या मतानं दुसऱ्याची निवड झाली. समितीवरून माझं नाव काढल्याचं पत्र दुसऱ्या दिवशी टेबलावर होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, मॅडम, एवढंच होणार होतं, मग माझ्या वेळी कशाला घाबरलात? बरोबर आहे तुझं. एवढंच होणार होतं.

पण मुलाखतीच्याच दिवशी मी आफरीनला जिन्यात गाठलं. बाळ तिच्या खांद्यावर झोपलेलं. मी म्हटलं, "तुझी मुलाखत सगळ्यात चांगली झाली. तुला बाळामुळे नाकारलंय. अभ्यासात काही कमी नाही. घरी जाऊन जुनं काही उकरत बसू नकोस, पुढचं वाच." ती एकदम जिन्यावर बसली. "मॅडम, ही तिसरी मुलाखत. मला वाटायला लागलं होतं, मलाच येत नाही." तिची अम्मी माझा हात धरून उभी राहिली.

आणि मग काल, तुझं घर.

सगळं सांगून झाल्यावर अण्णांनी विचारलं, "म्हंजी पोरीचं काईच चुकलं नव्हतं?"

"नाही."

"आन् तिला ते म्हाईत नव्हतं?"

"नाही, अण्णा."

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी चिडलो व्हतो तवा. म्हनलं, मॅडमनी शब्द दिला व्हता, जाऊन इचारतो. तर मलाच दटावलं तिनं. 'अण्णा, मीच कमी पडले. मॅडमला बोल लावू नका.'"

मंजू! तू माझी बाजू घेतलीस?

चहा आला नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. अण्णा उठून आतल्या खोलीत गेले ते परत बाहेर आले नाहीत. रवी खाली फाटकापर्यंत आला. "मॅडम, माफ करायला मला नाही जमायचं," म्हणाला. "पण ती कमी नव्हती, हे तुमच्या तोंडून ऐकलं. अण्णांना त्याची गरज होती." मी मान हलवली आणि रिक्षा शोधत निघाले.

तुझी माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून मागत नाही. पण एक शब्द देते. माझ्या शब्दाची किंमत तुला ठाऊक आहे, तरी देते. समितीवर नसले तरी ज्या मुलीला इथून नकार मिळेल, तिला मी जिन्यात, फाटकात, जिथे सापडेल तिथे गाठीन आणि खरं कारण सांगेन. आफरीनसाठी तीन कॉलेजांना शिफारसपत्रं आज सकाळी टाकली. आणि उद्या बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला तीच सिद्धता आहे. तिसऱ्या ओळीपाशी थांबून मी वर्गाला सांगणार आहे की इथली चूक मंजूषानं दाखवली होती. कोण मंजूषा, असं पोरं विचारतील. मग मी सगळं सांगेन, माझ्या सहीसकट.

तुझी,
सुलभा मॅडम