पाळकसाहेबांच्या नावानं

छत्रपती संभाजीनगर,
१३ जुलै २०२५

चि. करुणा हिस, दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. हातात फोन असताना पत्रं कसली लिहिता, म्हणून तुझी वहिनी हसते. मी तिला म्हणालो, फोनवर माझी बहीण वर्गात उभी असल्यासारखी ओरडते, पत्रात जरा माणसात असते.

आपले पाळक पारखेसाहेब आहेत तसेच आहेत. मे महिन्यात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात आणि जीभ दोन्ही रुसलेत. डाव्या हातानं पाटीवर दोन-चार शब्द काढतात, तेवढंच. रविवारची चर्चची उपासना दुसऱ्या मंडळीतले पाळक येऊन चालवतात. पण ज्यांना देवळापर्यंत येता येत नाही अशा अकरा म्हाताऱ्या माणसांना साहेब दर महिन्याला स्वतःच्या हातानं पत्र लिहायचे. तुझ्या शेजारच्या आपल्या चंपामावशी त्यातल्याच. मे आणि जूनमध्ये कुणालाच पत्र गेलं नाही, तर अकराही घरांतून मला विचारणा. मंडळीचा सेक्रेटरी ना मी.

मग डोकं चालवलं. सायकलला भोंगा बांधून सुरुवात केलेला माणूस चार गाड्यांचा साउंडवाला उगाच होत नाही. साहेबांच्या टेबलात जुन्या पत्रांच्या नकला होत्या, आणि अकरा जणांची आलेली उत्तरंही. सगळ्यांचे फोटो काढून फोनमधल्या एआयला घातले आणि म्हणालो, साहेब लिहितात तसं लिही. करुणा, त्यानं हुबेहूब लिहिलं. तेच “बाई, खचू नका”, तीच शेवटाला स्तोत्रातली ओळ. आता मी वाचतो, खाली साहेबांचा शिक्का मारतो, टपालात टाकतो. हात चालत नाही म्हणून टाइप करून घेतो, असं पहिल्याच पत्रात घालून टाकलंय. साहेबांच्या कानावर घातलं, त्यांनी मान हलवली. तो होकार होता की थकवा, याच्या खोलात मी गेलो नाही.

मावशींना यातलं काही बोलू नकोस. म्हातारीला महिन्याकाठी चार ओळींचा आधार मिळतो, मिळू दे.

लेकरांना गोड पापा. लोभ आहेच, तो वाढत राहो.
तुझा दादा,
मोतीराम

•

पाचोड,
५ सप्टेंबर २०२५

ती. दादास, करुणाचा स. सलाम, वि. वि.

तुझी गणपतीची धांदल उद्या संपेल, म्हणून आज लिहिते. आधी कान उपटते. मावशींची पत्रं साहेबांना लिहिलेली होती. तू सेक्रेटरी असलास तरी ती मशीनला वाचायला द्यायची, हे तुला कुणी सांगितलं? देवळात कुणी माझ्या कानात प्रार्थनेची विनंती सांगितली, तर ती मी तुझ्या भोंग्यावर लावीन का?

आता खरी गोष्ट. तुला माहीत आहे, मावशींचा मुलगा राजकुमार चार वर्षांपूर्वी पिऊन आला, तेव्हा त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. तो परत आला नाही, आणि वर्षाच्या आत तिकडं शहरात दवाखान्यात वारला. तेव्हापासून त्या पुढचं दार उघडत नाहीत, मागल्या दारानं ये-जा करतात. जुलैत त्यांनी धीर करून साहेबांना लिहिलं की, तुम्ही त्याच्यापाशी होता, शेवटी तो काय म्हणाला ते सांगा.

ऑगस्टच्या पत्रात उत्तर आलं. भिंगाखाली धरून त्यांनी मला दाखवलं. मी उतरवून घेतलंय: “बाई, राजकुमारनं शेवटी तुमचंच नाव घेतलं. तो म्हणाला, आईला सांगा, त्या दाराबद्दल माझ्या मनात काही नाही.”

दादा, त्याच दिवशी त्यांनी पुढचं दार उघडलं. सगळ्या गल्लीला बोलावून चहा केला. भाकरी अर्धी खायच्या, आता पुरी खातात. ९ नोव्हेंबरला चर्चच्या हंगामाच्या सणाला शहरात येऊन, सगळ्या मंडळीपुढं उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष देणार आहेत. तीस वर्षं बायबलबाई म्हणून गावोगाव बोलल्या, पण स्वतःसाठी कधी उभ्या राहिल्या नाहीत, असं म्हणतात.

साहेब खरंच तिथं होते ना? एवढंच कळव. तुझ्या उत्तराकडं डोळे लावून आहे.
तुझी,
करुणा

•

छत्रपती संभाजीनगर,
१२ सप्टेंबर २०२५

चि. करुणा हिस, अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उभ्यानंच वाचलं.

मावशींना गेलेलं ते पत्र मी वाचलंच नव्हतं. पहिल्या महिन्यात सगळी नीट वाचली. ऑगस्टमध्ये गणपती मंडळांची झुंबड उडाली होती. आलेल्या उत्तरांचे फोटो न वाचताच यंत्राला घातले, अकरा कागद छापले, वरची ओळ आणि खालचं स्तोत्र पाहिलं, शिक्के मारले. माइकवर कोण खरं रडतंय आणि कोण रडायचं म्हणून रडतंय, हे मला शंभर फुटांवरून कळतं. पण कागदाला आवाज नसतो. तिथं मी ठार बहिरा निघालो.

तसाच साहेबांकडं गेलो आणि तुझं पत्र पुढं धरलं. ते वाचत गेले आणि त्यांच्या चेहऱ्याचा जो भाग हलतो, तो हलायचा थांबला. पाटीवर लिहिलं, “मी उशिरा पोचलो. खाट रिकामी होती.” पुसलं, आणि पुन्हा लिहिलं, “बाईंना कधी सांगितलं नाही.” दवाखान्यातून निरोप आला त्या सांजेला ते एका लग्नाच्या जेवणाला होते. सकाळी जाऊ म्हणाले, आणि सकाळी उशीर झाला. मावशी समजून चालल्या की साहेब तिथं होते, आणि साहेबांनी त्यांना तसं समजू दिलं. मी जुन्या नकला पुन्हा काढल्या. राजकुमारचा विषय आला की साहेब दर वेळी वळसा घालून पुढं गेलेत. तीन वर्षं ज्या जागी ते गप्प राहिले, तिथं यंत्र गप्प बसलं नाही. मावशींच्या पत्रात दार होतं, त्यानं दार उचललं. एका आईला जे ऐकायचं असतं, ते लिहून दिलं. दोष त्याला काय द्यायचा? शिक्का माझ्या हातात होता.

आता बोल. खरं सांगावं, तर म्हातारीच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं. गप्प राहावं, तर मंडळीपुढं, देवासमोर, तिच्या तोंडून खोटी साक्ष जाते, आणि समोरच्या बाकावर साहेब बसलेले, ज्यांना ती खोटी आहे हे माहीत आहे. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते लपवत नाही. ऐन वेळी माइक बंद पाडावा. सणाची तारीखच पुढं ढकलावी. साहेबांना म्हणावं, नुसती मान हलवा, म्हातारी किती दिवसांची आहे. हे शेवटचं मी त्यांना बोलूनही पाहिलं. त्यांनी पाटी उलटी करून ठेवली.

तूच काही सुचव. तुझ्याशिवाय हे कुणाला बोललो नाही.
आशीर्वाद देणारा, आणि आज स्वतःच आशीर्वादाची गरज असलेला,
दादा

•

पाचोड,
२१ सप्टेंबर २०२५

ती. दादास, स. सलाम, वि. वि.

गप्प राहायचा विचार मीही करून पाहिला. चार दिवस केला. काल मावशींनी मला बोलावून वही पुढं केली आणि म्हणाल्या, साक्ष लिहून दे, मोठ्या अक्षरात, बोलताना चुकायला नको. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. “माझा मुलगा मला क्षमा करून गेला” हे मी माझ्या हातानं लिहिलं, दादा. शाळेत मुलांनी नक्कल केली तर मी पाठीत धपाटा घालते.

आता त्यांच्याकडं जायला पाय उचलत नाहीत. नाही गेले तर पुढच्या दारातून हाक मारतात. उघडं असतं ना ते आता. गल्लीतल्या बाया विचारतात, चंपाबाईंचं पत्र खरंच लई भारी हाय का? मी व्हय म्हणते आणि भाजी घ्यायला पुढं जाते. तू तिकडं अडकलास, मी इथं चार भिंतींत अडकले आहे, आणि माझ्या भिंतीला त्यांची भिंत लागून आहे.

सुचव म्हणालास, तर ऐक. हे पत्रानं सांगू नकोस. फोननं नाही, माझ्या तोंडून नाही, आणि तुझ्या त्या यंत्राकडून चार गोड ओळी लिहून घेऊन तर मुळीच नाही. एसटीत बस आणि ये. समोर बसून सांग. कानाला कमी ऐकू येतं त्यांच्या, तेव्हा मोठ्यानं सांगावं लागेल. गल्ली ऐकेल. ऐकू दे.

वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नकोस.
करुणा

•

पाचोड,
१२ ऑक्टोबर २०२५

मोतीरामास, चंपाबाईचा सलाम.

आशीर्वाद लिहायला हात झाला नाही, म्हणून लिहिलेले नाहीत. आले की लिहीन.

तू परवा आलास, ओट्यावर बसून सगळं सांगितलंस. तेव्हा राग आला नव्हता. मला वाटत होतं, पुढं अजून काही सांगशील. तू रडायला लागलास. मला तुझं समाधान करायला बसायचं नव्हतं, म्हणून आत गेले.

आता राग आला आहे. रविवारच्या शब्बाथशाळेत तुला मी अक्षरं शिकवली. मी देवाची बाई, पण आई पण आहे. माझ्या पोरानं न बोललेलं मी दोन महिने उशाला घेऊन निजले. झोप लागायची. आता लागत नाही. ते पत्र फाडायला घेतलं, फाटेना. पेटीत ठेवलंय. पुढचं दार अजून लावलेलं नाही. लावावंसं वाटतं.

पाळकसाहेबांवर राग नाही असं नाही. पण त्यांनी खोटं लिहिलं नाही, फक्त खरं लिहिलं नाही. त्यांना जाऊन विचार, त्यांना माझ्या राजकुमारचं खरं काय माहीत आहे. काहीच नसेल, तर काही नाही म्हणून तुझ्या हातानं लिहून पाठव. मी वाचीन. आणि बाकीच्या दहा घरी जाऊन सांग. मला एकटीला सांगून सुटू नकोस.

सणाला येईन की नाही, ते ठरवलेलं नाही.
देव तुझं भलं करो. हे मात्र मनापासून.
चंपाबाई

•

छत्रपती संभाजीनगर,
२ नोव्हेंबर २०२५

ती. चंपामावशींस, मोतीरामचा सविनय सलाम, वि. वि.

दहापैकी सात घरं झाली. एका आजोबांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. एक आजी म्हणाल्या, मला पहिल्यापासून माहीत होतं, साहेब इतकं गोड कधी लिहीत नव्हते. राहिलेली तीन घरं याच आठवड्यात. यंत्राकडं आता भजनांची यादी आणि हॉलची पाळी एवढंच ठेवलंय. माणसांच्या पत्रांचे फोटो पुसून टाकलेत. पण एकदा दिलेलं पुरतं परत येतं की नाही, हे मला माहीत नाही.

साहेबांना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं की, दवाखान्यात राजकुमारच्या शेजारच्या खाटेवर करमाडचा एक माणूस होता, नाव कडुबा. तेव्हा त्याला काही विचारायचं धैर्य झालं नाही. खाली लिहिलं, “बाईंना सांग, मी भ्यालो.” ते जसंच्या तसं कळवतो.

करमाडला दोन चकरा मारल्या. पहिल्यांदा भलताच कडुबा निघाला. दुसऱ्यांदा शेंद्र्याच्या बाजूला वॉचमनची नोकरी करणारा सापडला. तेव्हा त्याचा पाय मोडला होता. त्याला राजकुमार आठवतो. मी त्याला आधीच बजावलं की, मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. तो म्हणाला, सांगण्यासारखं लई नाय, दोनच दिवस शेजारी होतो.

त्यानं सांगितलं ते असं. शेवटच्या दिवशी राजकुमार फार बोलला नाही. दिवेलागणीला नर्सबाई सलाईन बघायला आली, तेव्हा त्यानं तिला विचारलं, “पाचोडची गाडी किती वाजता आहे?” ती म्हणाली, आता सकाळीच. त्यावर तो “बरं” म्हणाला आणि कुशीवर वळला. सकाळी कडुबाला जाग आली तेव्हा त्याच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

मी कडुबाला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एवढंच आलं. तुमचं नाव नाही, दाराचं नाही. त्याला यायचं होतं, की तापात बोलला, की कुणी येणार होतं म्हणून विचारलं, हे कडुबाला माहीत नाही. मला तर कसं असेल? मी यात माझ्याकडून काही भरलेलं नाही. यापुढं एकही शब्द माझ्यापाशी नाही.

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. राग असेल तोवर असू द्यावा, उत्तर मात्र टाकत जावं.
आपला,
मोतीराम