बन्सी प्रेझेंट सर

१२ जुलै २०२१
शेंद्र्याच्या कंपनीतली नोकरी सुटली तसा ह्यांनी घरबसल्या जावाचा, म्हंजे कॉम्प्युटरच्या भाषेचा, ऑनलाइन क्लास लावला. आठवड्यात कंटाळले! आज लॅपटॉप माझ्या पुढ्यात सरकवला अन् चौकात चहाला गेले. "हजेरी लावत जा फक्त." लग्नात ह्यांचं नाव घेईना म्हणून बायांनी मला उंबऱ्यात अडवलं होतं, उखाणा घेतल्याशिवाय आत सोडलं नाय. आता रोज सकाळी टाइप करायचं — बन्सी प्रेझेंट सर.

१५ जुलै
नुसतं गप कोण बसणार? ऐकलं. जावात क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातनं निघालेली वस्तू. एवढंच व्हय! करंजीचा साचा एकच — एकीत खोबरं भर, एकीत खवा. साचा खाता येत नाय, करंजी खाता येते.

सरांनी उदाहरण मागितलं. सगळ्यांनी कार लिहिली, मी करंजी. "वा बन्सी! असं कुणी सांगितलं नव्हतं आजवर." बन्सी तवा चौकात गप्पा हाणत होता. लई राग आला. हसूबी आलं.

२ ऑगस्ट
प्रोग्राम चालेना. डोकं पिकलं. कंस उघडला होता, मिटलाच नव्हता! मिटला — चालला! एकटीच ओरडले. तिकडं भात करपला.
"दिवसभर घरात बसून भातबी धड होत नाय?" — हे.
प्रोग्राम ह्यांच्याच नावानं गेला.

९ ऑगस्ट
जेवताना म्हणलं, माझंबी नाव घालू का क्लासात? बारावी सायन्स झालीय माझी. हे ठसका लागेस्तोवर हसले. "तुला काय कळतंय त्यातलं!" वर गावाकडं लासूर स्टेशनला फोन लावून सासूबाईंना ऐकवलं. त्याबी हसल्या.

२३ ऑगस्ट
गच्चीवर वाळलेली कापडं काढत होते. खाली जिन्यात हे फोनवर. "पास झालो की पुण्याला नोकरी हाय, आई. हिला तुझ्याकडंच पाठवतो. पुण्यात हिचं काय काम?"

काय काम! शिकले मी, अन् पुण्याला जाणार हे. मी लासूरला भांडी घासायची. जळो मेलं ते शिकणं! रडून घेतलं. मग डोळे पुसून पुढचा धडा काढला. सुटत नाय आता.

३० ऑगस्ट
उद्या तोंडी परीक्षा. कॅमेरा चालू ठेवावा लागतो. ह्यांनी शेजारच्या पोरीची पाटी मागून आणली. "तू लॅपटॉपच्या मागं बस. सर विचारतील त्याचं उत्तर लिहून धर. मी वाचतो."
बरं म्हणलं.

३१ ऑगस्ट
सर खुशीत होते. "बन्सी, ते तुमचं करंजीचं सांगा बरं परत. माझ्यासोबत दुसरे सरही आहेत."
"करंजी?"
मी पाटी धरली. कोरी.
बन्सीनं डोळे वटारले. टेबलाखालून लाथ घातली. मी पाटी हलू दिली नाय. मग नेट अडकल्यागत तोंड वासून तसाच बसला.
सर म्हणाले, "बन्सी, मागं पंखा फिरतोय."

२ सप्टेंबर
सासूबाईंचा फोन. "अगं, माझं लेकरू नापास झालंच कसं? तू तर घरातच होतीस ना?"
"मला काय कळतंय त्यातलं, आत्याबाई!"