शेवटची अकरा पानं

आई, त्या कादंबरीचा शेवट तू मला खोटा सांगितलास. हे आधीच लिहून टाकते, कारण आज गुरुवार आहे, दुपारी बारापर्यंत मला एक फॉर्म पाठवायचा आहे, आणि तो पाठवण्याची माझी तयारी बरीचशी तुझ्या त्या शेवटावर उभी आहे. मी बंदरावरच्या ऑफिसात बसले आहे. ओमानमधल्या बंदरात बदली हवी असल्याचा फॉर्म स्क्रीनवर भरून तयार आहे. साडेदहा वाजलेत.

माझ्या लग्नाचं तुला माहीत असायचं कारण नाही. बाबांना डॉक्टरांनी नाशिकला जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं होतं, आणि ते म्हणत होते, "पोरीला परक्या देशात एकटी टाकून कसा जाऊ?" इकडे आमच्याच क्रेन विभागातला साताऱ्याकडचा एक तंत्रज्ञ, त्याची आई सुनेचं तोंड पाहिल्याशिवाय ऑपरेशनला तयार होत नव्हती. आम्ही वर्कशॉपमध्ये चहा पिताना हे एकमेकांना सांगितलं आणि आठ दिवसांनी मी एक पान टाइप करून त्याच्यासमोर ठेवलं. दोन वर्षं, वेगळ्या खोल्या, मग भांडण न करता घटस्फोट. त्यानं ते पान दोनदा वाचलं. "आणि वॉरंटी?" म्हणाला. मी हसले नाही. दोघांनी सही केली. आता बाबा नाशिकला रोज फिरायला जातात, त्याची आई काठीशिवाय चालते, आणि महिनाअखेरीला दोन वर्षं संपतात.

या कराराचा आधार मी तुझ्या कादंबरीतून घेतला होता. किल्लेदाराची मुलगी वेढा टाळण्यासाठी शत्रूच्या धाकट्या मुलाशी एक वर्षाच्या बोलीवर लग्न करते, ती. इथल्या अल मुंतझा वस्तीतल्या आपल्या स्वयंपाकघरात तू ती मला शुक्रवारी सकाळी वाचून दाखवायचीस. पुस्तक अल दुहैल वस्तीतल्या एका बाईंचं होतं. त्या काळी इथे गावाहून आलेलं एक पुस्तक सहा-सात घरांत फिरायचं, खाकी कव्हर घालून. तुझे हात कणकेत असायचे. "पीठ लागलं तर त्या पुढचं पुस्तक द्यायच्या नाहीत," म्हणून पान उलटायचं काम माझं. मला मराठी धड वाचता येत नव्हतं, जोडाक्षर आलं की अडायचे मी. तू फक्त "उलट" म्हणायचीस. एकदा न सांगता उलटलं, तर ओल्या हातानं मनगटावर फटका बसला होता.

शेवटच्या शुक्रवारी गोष्टीतलं बोलीचं वर्ष पुरं होतं. तू सांगितलंस, ती पहाटे घोड्यावर बसते, दरवाजा उघडायला लावते आणि जाते. "And then?" मी विचारलं. "मग काय? गेली. खलास." मला रडू आलं तर म्हणालीस, "रडतेस कशाला? जाता आलं ना तिला." तेवढ्यात बाबा बाहेरच्या खोलीतून दारात आले. म्हणाले, "आणि तिचा नवरा? तो काय करतो?" तू कणीक मळत राहिलीस. "त्याचं पुस्तकात काही लिहिलेलं नाही." बाबा उभ्याउभ्याच पाणी प्यायले आणि निघून गेले. दोन वर्षांनी तू वारलीस.

कराराच्या वेळी ही गोष्ट मी त्याला सांगितली होती. गेल्या महिन्यात तो सुट्टीवर गेला आणि पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ती कादंबरी घेऊन आला. टेबलावर ठेवली. "यात बाई जात नाही. थांबते."

"मग हे पुस्तक दुसरं असेल."

"तूच वाच की. मी सांगितलेलं तुला पटायचं नाही."

मी आठ दिवस वाचलं, ओळीखाली बोट धरून. पानांचे आकडे सलग आहेत, शिवण मूळची आहे, पान बदललेलं नाही. तिचा घोडा दरवाजापर्यंत जातो. मग ती त्याला स्वतः पागेत बांधून येते आणि नवऱ्याला सांगते, बोलीचं वर्ष संपलं, आता मी माझ्या मनानं राहते. पुढे अकरा पानं दोघांचीच आहेत. आणि तेव्हा मला आठवलं, त्या शुक्रवारी शेवटी शेवटी तू एकदाही "उलट" म्हणाली नाहीस. मी पानाचा कोपरा चिमटीत धरून वाट बघत होते. आवाज मात्र नेहमीपेक्षा मोठा होता, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल इतका.

तू ते मला सांगत होतीस की बाबांना? तुला जायचं होतं का? जायचं होतं तर गेली का नाहीस, आणि राहायचं होतं तर मला निदान ती अकरा पानं का दिली नाहीस? मी चिडले आहे, आई. चुकीच्या मापावर मी सगळं बांधत आले. काल तो म्हणाला, "मला ते घटस्फोटाचं कलम नकोय. तुला हवं असेल तर अडवणार नाही. पण एकदा विचारतो, जाऊ नकोस." मी बारापर्यंतची वेळ मागून घेतली. वेळ मागणं मला जमतं.

आज शमाल सुटलाय, उत्तरेकडचा धुळीचा वारा. तो बेचाळीस मीटरवर काम करतोय आणि सकाळपासून मी त्याच्या क्रेनवरचा वाऱ्याचा वेग बघते आहे. ते माझं काम नाही. दोन वर्षं बघते आहे.

बारा वाजून गेले. जेवायच्या सुट्टीत तो खाली आला, हेल्मेट काखेत, पापण्यांवर धूळ. दारातूनच विचारलं, "पाठवलास?"

"नाही."

त्यानं पापण्या पुसल्या. मग म्हणाला, "का?"

हे मी बाबांना दाखवणार नाही, आणि तुझ्यापर्यंत ते जायचं नाही, म्हणून लिहिते. मी त्याला म्हटलं, सिस्टीम बंद होती. सिस्टीम चालू होती, आई.