जे आलेच नाहीत त्यांची मतं

झेय्तून, माल्टा
मार्च २००३

प्रिय डोलोरताईस,

धाकट्या चेंसाचा तुला, भावोजींना आणि मेलबर्नच्या सगळ्या पोरांना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे दुखतात. बाकी देवमातेच्या दयेनं सगळे जिवंत आहोत, फक्त कुणी कुणाशी बोलत नाही.

युरोपात सामील व्हायचं की नाही, यावर शनिवारी साऱ्या देशानं मत दिलं, हे तुला कळलंच असेल. 'हो'वाले थोडक्यात पुढे निघाले. तेवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलेच नसते (चार इयत्ता शिकलेल्या बाईला पत्र म्हणजे शिक्षाच). पण माझा नवरा सलवू म्हणाला, आपण जिंकलो! अरे, तू तर 'नाही'वाला ना? तर म्हणे, जे गेलेच नाहीत आणि ज्यांनी मतपत्रिका खराब केली, ते 'हो' म्हणाले नाहीत, म्हणजे ते आपलेच. त्याच्या पक्षाचंही तेच म्हणणं. त्याची आई खाटेवरून उठत नाही, तीही मोजली. (म्हातारीला विचारलं, तर तिला इंग्रज परत आलेले चालतील.)

मग काय, रविवारी दोन्ही बाजूंनी विजयाच्या गाड्या काढल्या. झेंडे, भोंगे, आरडाओरडा. मी पावाच्या भट्टीवरून आपलं रविवारचं मटण-बटाटे भाजून आणत होते, तर आमच्या गल्लीत या टोकानं सलवूची गाडी आणि त्या टोकानं नार्दूंची. नार्दू म्हणजे आमच्या लेकीचे, मार्थेझचे होणारे सासरे, पक्के 'हो'वाले. दोन गाड्या मावतील अशी गल्ली का आहे ती?

"हरलेल्यानं मागे घ्यायची!" नार्दू ओरडले.

"मग घ्या की! वाट कुणाची बघताय?" सलवू.

मी मधे, हातात तापलेली परात. म्हटलं, "दोघंही जिंकलात बाबांनो, मला घरात जाऊ द्या, हात भाजतोय!" कोण ऐकतंय. शेवटी परात नार्दूंच्या बॉनेटवर टेकवली, आणि त्या भल्या माणसानं नेमकी तेव्हाच गाडी मागे घेतली. जेवण रस्त्यावर. सलवू टाळ्या पिटतोय, "मागे घेतली! हरले!" जिंकणारे दोघं, आणि रस्ता खरवडायला मी एकटी.

तेव्हापासून मार्थेझचं जूनमधलं लग्न अडलंय. नार्दू माफी मागतील तेव्हा बघू, म्हणतो सलवू. काल मी सगळ्यांना टेबलाशी बसवून हात वर करायला लावले. जूनला हो म्हणणारे तीन: मी, धाकटा आणि त्याची बायको. नको म्हणणारा सलवू एकटा. तर म्हणे, आई झोपलीये, थोरला जहाजावर, डोलोर मेलबर्नला, यातलं कुणी 'हो' म्हणालं का? मीच जिंकलो. थकले गं मी.

तुझी,
चेंसा

ता.क. म्हणून ताई, तू जूनच्या बाजूची आहेस असं लगेच लिहून पाठव. खाली सही कर. फोनवर सांगितलंस तर तो नीट ऐकू आलं नाही म्हणेल.

ता.क. दुसरा. एक लिहायचं टाळलं होतं. काल मार्थेझही टेबलाशीच होती. तिनं हात वर केला नाही, पावाचा चुरा करत बसली. सलवूनं तिलाही आपल्यात धरली, तरी बोलली नाही. मला वाटलं, लाजली. आता तसं वाटत नाही. ती तुझ्याशी मोकळं बोलते, माझ्याशी नाही. तेव्हा सहीचं राहू दे, आधी तिला फोन कर. तिला नार्दूंचा पोरगा हवाय का, ते सरळ विचार. 'नाही' म्हणाली, तर मलाच कळव. सलवूला एवढ्यात नको. त्याचं बरोबर निघालं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं नाही.