बाबांची प्रोफेशनल आवृत्ती

४ जून

चि. खोडरबर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, म्हणून पत्र. माझ्या जुन्या कॉम्प्युटरने अखेर मान टाकली. दुरुस्तीवाल्याने नवा आणला, पण त्यात ऑपरेटिंग सिस्टिम कोणती टाकू, होम की प्रोफेशनल, म्हणून अडून बसलाय. मी प्रोफेशनल म्हणालो. त्यावर तुझ्या आईने विचारलं, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता कुठलं ऑफिस थाटताय? दुरुस्तीवालाही हसला. मग मी म्हटलं, लेक कॉम्प्युटरच्याच कामातली आहे, ती सांगेल ते. तेव्हा तू ठरव.

शाळेच्या वाचनालयाच्या जिन्याचा नकाशा अर्धा राहिलाय. मुख्याध्यापिकाबाईंना मी स्वतःहून कबूल केलेलं हे काम, तेवढं पुरं व्हावं.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझे बाबा


११ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईचा प्रश्न रास्त आहे. होमच घ्या. नकाशांचा प्रोग्राम दोन्हींवर सारखाच चालतो. प्रोफेशनलमधल्या जादा सोयी कंपन्यांसाठी असतात, तुम्हाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. मिरवायचंच असेल तर दारावर लावायला झकास पाटी करून पाठवते.

एक विचारू? तुम्ही कोऱ्या कागदावर लिहिता, तरी ओळ कधी केसभर ढळली नाही. या पत्रात मात्र ओळी उताराला लागल्यात आणि सही तर ओळखूच येईना. आईला फोनवर विचारलं, तिने विषय बदलला. काय ते खरं सांगा, मला काळजी वाटते.

लोभ आहेच, तो जरा रागावूनही दाखवत जा.
तुमची खोडरबर


१९ जून

चि. खोडरबर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी होम टाकून घेतली. आता विचारतेसच तर सांगतो. वर्षभर उजवा हात थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण बारीक काम सोडा. माउस धरला की रेघ भलतीकडेच जाते. पेन्सिलीचा कच्चा आराखडा मापांसकट तयार आहे, पण पक्क्या नकाशात दहाव्या पायरीपाशी अडलोय.

प्रोफेशनल असली तर परगावचा माणूस आपल्या घरी बसून हा कॉम्प्युटर चालवू शकतो, असं दुरुस्तीवाला म्हणाला होता. वाटलं, मी मापं सांगावीत, तू रेघा ओढाव्यात. लहानपणी माझ्या टेबलावर चढून जादाच्या रेघा खोडायचीस, तसं काहीतरी. पण तुला नोकरी, संसार. मागायची लाज वाटली, म्हणून तूच प्रोफेशनल म्हणशील अशी वाट पाहत बसलो. म्हातारपणी माणूस येडपट होतो, दुसरं काय.

आईला रागावू नकोस, मीच तिला शपथ घातली होती.
तुझे बाबा


२६ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, मग तुमचा खूप राग आला, मग स्वतःचा. तुम्हाला प्रोफेशनल का हवी, एवढं साधं मी विचारलंच नाही.

होमची प्रोफेशनल करता येते. फक्त नवी किल्ली, म्हणजे एक लांबलचक नंबर घालावा लागतो, आतलं काही पुसलं जात नाही. दुरुस्तीवाल्याशी बोलले, तो शनिवारी येतोय.

रविवारी सकाळी दहाला आराखडा घेऊन खुर्चीत बसा. तुम्ही फोनवर मापं सांगा. माझं म्हणणं आई तुमच्या कानाशी ओरडून सांगेल, तिला सराव आहे. मी काम करत असताना तुमचा स्क्रीन कुलूपबंद दिसेल, घाबरू नका. तासाभराने उघडा, दहावी पायरी झालेली असेल.

ती तिरकी वाटली तर बिनधास्त सांगा. खोडायला मी आहेच.
तुमची खोडरबर