निम्म्या दाबाची स्वप्नं

ती. कोकिळाताईस,

अमेरिकेतून नीळकंठचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, पुसदची थंडी आणि तुझ्या उशाचं श्वासाचं मशीन, तिघांची प्रकृती बरी असेल अशी आशा आहे. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र.) पुढच्या महिन्यात तू सिडनीला लेकाकडे, अनिमेषकडे निघणार, तेव्हा माझे इथले पराक्रम आधीच कळवतो.

झोपेत श्वास थांबणं ही आपल्या घराण्याची देणगी. मास्क लावल्याशिवाय एकदाही डोळा लावायचा नाही, असं डॉक्टरांनी मलाही बजावलंय. आता आमच्या दारव्ह्याची वीज तुला माहीतच आहे. तिच्यावर मशीन चाललं की मला स्वप्नंही कमीजास्त दाबाची पडतात. पुसदची जीप मध्येच तरंगू लागते, ढगातली माणसं सोयाबीनचा भाव विचारतात, आणि लाइट गेली की सगळे धपकन खाली. परदेशच्या विजेवर असं काही नको, म्हणून घरचा नऊ किलोचा स्टॅबिलायझर बॅगेत घातला. "लाडू काढून थे डबडं कायले नेता?" असं रत्नप्रभा म्हणाली. (बायकोचं ऐकलं असतं तर हे पत्रच झालं नसतं.)

गौरीकडे पोचलो ते भरदुपारी, डोळ्यांवर झोपेचं आभाळ घेऊन. मशीनची पिन भिंतीत जाईना. गौरीला विचारावं, तर लेकीला काळजी नको म्हणून आम्ही दोन वर्षं हे दुखणं तिच्यापासून लपवलेलं. पण मी बत्तीस वर्षं वीज कचेरीत काढलेला माणूस. (बिलं लिहिण्यात, पण कचेरी विजेचीच.) वायर सोलली, लग्नाच्या मांडवात करतात तशी तिची टोकं भिंतीत घातली आणि देव्हाऱ्यातल्या काड्यापेटीच्या दोन काड्या ठोकल्या. निळी ठिणगी उडाली, छतावरचं धुराचं यंत्र किंचाळलं, अर्ध्या घराची लाइट गेली. खोटं कशाला सांगू, क्षणभर दारव्ह्यात आल्यासारखं वाटलं.

"बाबा, मले काहून नाही सांगितलं?" एवढंच म्हणून गौरी रडली. मग तिने अडॅप्टरचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली: शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. म्हणजे मशीन दोन्हीकडच्या विजेवर चालतं. इथल्या भिंतीत बसणारी वायर तेवढी हवी होती. (स्टॅबिलायझरवर आता तिने तुळशीची कुंडी ठेवली आहे.) नवी वायर दुसऱ्या दिवशी आली. तोवर मी खुर्चीत पेंगत होतो आणि पोर माझ्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसली होती. तिला लहानपणी ताप आला की मी तसाच बसायचो. ताई, मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

इथली वीज आपल्या निम्म्या दाबाची, त्यामुळे स्वप्नंही तशीच पडतात. जीप जमिनीवरून चार बोटं वर, संथ चालते, आणि अजून एकदाही खाली पडलेली नाही.

तुझा धाकटा,
नीळकंठ

ता. क. तुझ्या अडॅप्टरवरची अक्षरं भिंग लावून वाच. स्टॅबिलायझर आणू नकोस.

आणखी एक: तूही अनिमेषला मशीनचं सांगितलेलं नाहीस. आजच सांग. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

शेवटचं: तू सांगणार नाहीस हे ठाऊक असल्यामुळे काल मीच त्याला सांगितलं. सिडनीत तुझ्या पलंगापाशी त्याने तिथल्या भिंतीत बसणारी पिन लावून ठेवली आहे. मामाने चहाडी केली असं तो दाखवणार नाही. तू स्वतः सांगशील म्हणून फोनपाशी बसलाय.