हौदावरची आनेली

४ सप्टेंबर

पोचले एकदाची! पेनसिल्व्हेनियाहून निघताना वाटलंही नव्हतं, की एमेन्टालच्या या स्विस खेड्यात दारादारावर माझंच आडनाव असेल. रोझिना ऐशबाखर, माझी दूरची काकू, ऐंशी उलटलेली. किसलेल्या बटाट्याची खरपूस रोष्टी वाढताना म्हणाली, “इतक्या पिढ्यांनी आलीस, तेही रोष्टी गार झाल्यावर!” पोट दुखेपर्यंत हसलो.

६ सप्टेंबर

चर्चच्या नोंदवहीत आमचा मूळपुरुष सापडला. निक्लाउस, १७३७ साली बायकोमुलांसह अमेरिकेला गेलेला. इथे चार मुलांचे बाप्तिस्मे. तिकडे अमेरिकेत जहाजातून उतरली तीन. धाकटी आनेली वाटेतच गेली असेल. तसं पाद्र्यांना म्हटलं, तर त्यांनी वही मिटून कपाटात ठेवली.

७ सप्टेंबर

काकूनेच सांगितलं, बटाटे सोलता सोलता. आनेलीचा पाय अधू होता. जहाजवाले घेणार नाहीत म्हणून बापाने तिला गावच्या हौदावर बसवलं, पाव घेऊन येतो म्हणाला आणि गेला. पोर हलेना. घरी चल म्हटलं की म्हणायची, बाबा येतील. मग लोकांनी म्हणणंही सोडलं. पहिल्या बर्फात गेली.

“सगळ्यांनी बघितलं गं,” काकू म्हणाली, जणू तीही तिथेच होती.

आमचं शेत, माझं शिक्षण, सगळं त्याच जहाजातून आलेलं.

९ सप्टेंबर

दुपारी हौदावर फुलं ठेवायला गेले. एक मुलगी बसली होती. निळे ओठ. तुझं नाक माझ्या बाबांसारखं आहे, म्हणाली. न्यायला आलीस का, विचारलं.

मला फक्त तिथून सुटायचं होतं. म्हटलं, हो. बस इथेच, आलेच मी.

बापासारखंच.

१० सप्टेंबर

काकूला सांगितलं. तिने रडत रडत माझी बॅग दाराबाहेर ठेवली. “नाही म्हणायचंस! इथली शेंबडी पोरंसुद्धा नाही म्हणतात तिला.”

बर्नच्या गाडीत

शेजारची जागा ओली आहे. तपासनिसाने दोन तिकिटं मागितली—

आनेली रागावलेली नाही. हात धरून बसलीय. माझी बोटं बधिर—

घरी कोण कोण, विचारते. सांगत गेले. भाऊ, वहिनी, त्यांची रूथ, चार वर्षांची— का सांगितलं मी—

म्हणते, मग रूथला हौदावर बसवू. मला तिची जागा—

नाही. रूथ नाही. मी बसते, म्हटलं. पुढच्या स्टेशनावर उतरून परत— ती हसली. बाबाही असंच म्हणाले होते, म्हणाली. पकड सुटत नाही. गाडी थांबली, पण दार उघडत नाही— आनेली, मी खरंच येतेय, या वेळी खरं—